समकालीन कलेच्या दालनात आपली प्रतिक्रिया कशी टिपावी : गोव्यातील नवख्या प्रेक्षकांसाठी

गोव्यातला मराठी माणूस नाटकावर बोलताना अडखळत नाही. जत्रेच्या रात्री देवळाच्या प्राकारात झालेला प्रयोग कुठे रंगला, कोणाचा आवाज चढला नाही, दुसरा अंक का लांबला, हे तो दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात बसून सविस्तर सांगतो आणि त्यासाठी नाट्यशास्त्राच्या पदवीची त्याला गरज भासत नाही. तोच माणूस पणजीच्या एखाद्या कलादालनात छताला टांगलेल्या दोरांपुढे किंवा नुसत्या करड्या रंगाच्या मोठ्या कॅनव्हासपुढे आला की 'यातले आपल्याला काही कळत नाही' असे म्हणून दहा मिनिटांत बाहेर पडतो. डिचोलीहून बसने पणजीला येऊन मी अनेक वर्षे ही दालने पाहत आले आहे आणि सुरुवातीचा सगळा गोंधळ मीही अनुभवला आहे. माझ्या मते अडचण समजशक्तीची नाही, क्रमाची आहे. आपण पाहण्याआधी वाचतो, वर्णन करण्याआधी निकाल देतो, आणि स्वतःला काय वाटले हे तपासण्याआधीच काय वाटायला हवे होते याचा शोध घेऊ लागतो. पुढील पायऱ्या हा क्रम बदलण्यासाठी आहेत.

१. दालन निवडा, आणि एका दिवशी एकच पाहा

पणजीत आल्तिनोवर जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या घरात २००९ मध्ये सुरू झालेले सुनापरान्त हे केंद्र नवख्यांना सर्वांत सोयीचे आहे, कारण खोल्या लहान आहेत आणि दोन खोल्यांच्या मध्ये अंगणात बसता येते. पाटो येथील संस्कृती भवन, कांपाल येथील कला अकादमी आणि मेनेझिस ब्रागांझा संस्था येथील दालनांत स्थानिक चित्रकारांची, गोवा कला महाविद्यालयाच्या आजी-माजी विद्यार्थ्यांची प्रदर्शने भरत असतात. मेनेझिस ब्रागांझाच्या प्रवेशदालनातील जॉर्ज कोलासो यांच्या निळ्या-पांढऱ्या अझुलेजो फरशांची छायाचित्रे काढून तेथूनच परतणारे पुष्कळ लोक मी पाहिले आहेत. आतल्या दालनातही जावे. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत चित्रकार-शिल्पकार सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये उघडलेले म्युझियम ऑफ गोवा मोठे आहे, तेथे अर्धा दिवस सहज जातो, आणि बसने जाणाऱ्यांनी परतीच्या वाहनाची सोय आधीच करून ठेवलेली बरी.

डिसेंबरात पणजीत होणारा सेरेंडिपिटी आर्ट्स फेस्टिव्हल २०१६ पासून सुरू आहे. जुन्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) इमारतीसह शहरातील अनेक जागा त्या दिवसांत कलाकृतींनी भरलेल्या असतात आणि आपण एका जागेतून दुसऱ्या जागेत धावत सुटतो. पहिल्या भेटीसाठी हा महोत्सव निवडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गर्दीत आपली प्रतिक्रिया आपली राहत नाही. शेजारचा जिथे थांबतो तिथे आपणही थांबतो. आधी एखाद्या शांत आठवड्यात छोटे दालन पाहावे आणि डोळा तयार झाल्यावर डिसेंबरकडे वळावे.

निघण्यापूर्वी दूरध्वनी करून दालन उघडे असल्याची खात्री करावी. दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात चित्रे उतरवण्याचे व टांगण्याचे काम चालू असते, आणि तेव्हा दार उघडे दिसले तरी आत पाहण्यासारखे काही नसते. उद्घाटनाची संध्याकाळही टाळावी. त्या दिवशी चित्रांपुढे माणसेच अधिक असतात.

२. सोबत काय घ्यावे

एक लहान वही आणि शिसपेन्सिल. शाईचे पेन कलाकृतींच्या जवळ वापरू देत नाहीत अशी दालने व संग्रहालये आहेत, म्हणून पेन्सिलच बरी. जवळचा आणि लांबचा असे दोन्ही चष्मे लागत असतील तर दोन्ही. ओळखपत्र, कारण काही ठिकाणी नोंदणी करावी लागते. आवाज बंद केलेला फोन. पिशवी शक्यतो लहान असावी, पाठीवरची मोठी बॅग तर नकोच, कारण मागे वळताना ती कोणत्या शिल्पाला लागेल ते सांगता येत नाही. पावसाळ्यात छत्री दाराशीच ठेवावी. कॅटलॉग असेल तर घ्यावा, मात्र पाचव्या पायरीपर्यंत उघडू नये.

३. पहिली फेरी काहीही न वाचता घ्या

दारात भिंतीवर मोठ्या अक्षरांत क्युरेटरचे, म्हणजे प्रदर्शनाची निवड व मांडणी करणाऱ्याचे, निवेदन असते. ते वाचण्याचा मोह आवरावा. त्या निवेदनांची भाषा बहुधा जड असते आणि ती एकदा डोक्यात बसली की पुढे प्रत्येक कृतीत आपण 'स्मृती', 'विस्थापन', 'अवकाश' हेच शब्द शोधत राहतो. संपूर्ण दालनातून एक फेरी साध्या चालीने, न थांबता मारावी आणि कोठे पाय अडखळले, कोठे नजर परत वळली, कोठून लवकर सरकावेसे वाटले एवढेच लक्षात ठेवावे.

मग तीन कृती निवडाव्यात: एक ओढून घेणारी, एक नकोशी वाटलेली, आणि एक अशी की जिच्यावरून नजर नुसती घसरून गेली. तिसरीची निवड सर्वांत कठीण जाते, कारण ती आठवतच नाही. त्यासाठी पुन्हा चालत जावे लागते. बाकीच्या कृती आज राहिल्या तरी चालतील.

४. आधी दिसते ते लिहा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा. कृतीपुढे उभे राहून डोळ्यांना जे दिसते तेवढेच साध्या वाक्यांत लिहावे: आकार किती, कोणते रंग, कोणता पृष्ठभाग, काय कशावर ठेवले आहे, प्रकाश कोठून येतो, सावली कोठे पडते. 'उदास', 'भव्य', 'गूढ' ही विशेषणे या टप्प्यावर वापरू नयेत. 'उदास स्त्री' असे लिहिण्याऐवजी 'बसलेली स्त्री, मान डावीकडे, दोन्ही हात मांडीवर उताणे, डोळ्यांच्या जागी फक्त दोन रेघा' असे लिहिले की पुढे आपल्याला ती उदास का वाटली याचे उत्तर आपल्याच वहीत सापडते. एकदा लांबून, एकदा हाताच्या अंतरावरून आणि शक्य असल्यास बाजूने पाहावे. कॅनव्हासच्या कडा अवश्य पाहाव्यात, कारण वरच्या रंगाखाली आधी कोणता रंग होता हे तेथे पुष्कळदा कळते.

साहित्याकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही असे समजू नये. चवथीच्या दिवसांत एखाद्याच्या घरी गेल्यावर गणपतीवरच्या माटोळीकडे आपण कसे पाहतो ते आठवावे: कोणते रानफळ आहे, ते कोणत्या डोंगरावरून आणले, कोणत्या फांदीला काय बांधले, मधली जागा रिकामी का राहिली, हे सारे आपण न शिकवता विचारतो, आणि यजमानही अभिमानाने सांगतो. मांडणशिल्पासमोर, म्हणजे जागेत वस्तू मांडून केलेल्या कृतीसमोर, नेमके हेच प्रश्न विचारायचे आहेत.

या पायरीचे महत्त्व मला आमच्या एका काकांमुळे कळले. त्यांचे तरुणपण रांपण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मासेमारीचे मोठे जाळे, ओढण्यात गेले. एका प्रदर्शनात मासेमारीच्या जाळ्यांची मोठी मांडणी होती आणि मी समुद्र, श्रम, हरवलेले गाव असे काहीबाही लिहीत होते. काका जवळ जाऊन, हात मागे बांधून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, ''हे जाळे पाण्यात गेलेलेच नाही. गाठी बसलेल्या नाहीत, कडेच्या दोराला झीज नाही.'' त्यांचे म्हणणे बरोबर होते. जाळे नवे होते आणि रंगवून जुने केलेले होते. यामुळे कृती खोटी ठरते का, हा प्रश्न वेगळा, आणि त्यावर आमचे परतीच्या बसमध्ये एकमत झाले नाही. काकांना वाटले की वापरलेले जाळे मागितले असते तर कोणीही दिले असते. मला वाटले की चित्रकाराला जाळ्याची आठवण दाखवायची होती, जाळे नव्हे. पण वादाला आधार मिळाला तो काकांच्या निरीक्षणामुळे. तुम्ही शिवणकाम करत असाल, सुतारकाम करत असाल, बागायतीत राबला असाल, तर ते ज्ञान दाराबाहेर ठेवून आत जाऊ नये.

५. मग आपल्याला काय झाले ते लिहा, आणि त्यानंतरच नामपट्टी वाचा

वर्णन झाल्यावर नवीन पानावर स्वतःकडे वळावे. शरीराने काय केले: आपण मागे सरकलो का, वाकलो का, हात लावावासा वाटला का? काय आठवले: एखादे घर, वास, माणूस, भांडण? आठवण कितीही असंबद्ध वाटली तरी लिहावी, परंतु ती कृतीतल्या कोणत्या गोष्टीमुळे आली हेही शोधावे. 'आजीची आठवण झाली' ही नोंद अपुरी आहे. 'खालच्या कोपऱ्यातील तांबड्या मातीच्या पट्ट्यामुळे आजीच्या घरातील सारवलेल्या जमिनीची आठवण झाली, आणि बाकीचे चित्र मग त्या जमिनीवर उभे आहे असे दिसू लागले' ही नोंद दुसऱ्या माणसालाही त्या कोपऱ्यापर्यंत घेऊन जाते.

येथील मुख्य सापळा उसन्या शब्दांचा आहे. 'विचारप्रवर्तक', 'मनाला भिडणारे', 'अंतर्मुख करणारे' असे शब्द लिहून झाले की आपले काम झाले असे वाटते. त्यासाठी एक कसोटी वापरावी: लिहिलेले वाक्य उचलून शेजारच्या चित्राखाली ठेवले तर तेही तितकेच लागू पडते का? पडत असेल तर ते खोडावे.

यानंतर नामपट्टी वाचावी. तिच्यावर चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि मापे असतात. मापांत सहसा आधी उंची, मग रुंदी आणि शिल्प असल्यास शेवटी खोली देतात. मुद्राचित्राखाली (ठशावरून छापलेल्या चित्राखाली) पेन्सिलने ३/१० असे लिहिलेले असेल तर दहा प्रतींपैकी ती तिसरी आहे असे समजावे, आणि 'ए. पी.' असेल तर ती चित्रकाराने स्वतःकडे ठेवलेली प्रत असते. पट्टीशेजारी लाल टिकली असेल तर कृती विकली गेली आहे. ही टिकली पाहून आपले मत बदलू देऊ नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे अवघड आहे.

नामपट्टी व निवेदन वाचल्यानंतर प्रतिक्रिया बदलली तर जुनी नोंद खोडू नये. खाली रेघ मारून नवी लिहावी. केरकरांच्या मिरच्यांच्या मोठ्या शिल्पांपुढे बहुतेकांना प्रथम हसू येते आणि ते योग्यच आहे. पण मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांबरोबर येथे आली हे ध्यानात आले की ज्या तिखटाला आपण पिढ्यान्‌पिढ्या घरचे मानले ते परदेशी पाहुणे ठरते, आणि तीच आकृती वेगळी दिसू लागते. रेघेच्या वरचे हसू आणि रेघेखालचा विचार, दोन्ही वहीत राहिले तर माहितीने आपल्यावर काय परिणाम केला हे नंतर तपासता येते. कधी कधी माहितीमुळे कृती लहानही होते. निवेदनात सांगितलेला अर्थ कृतीत कोठेच दिसत नाही असे वाटले तर तेही लिहावे.

६. राग, किळस आणि कंटाळा यांना हाकलून देऊ नका

नापसंतीची नोंद करताना नवखे प्रेक्षक दोन टोकांना जातात: एक तर 'ही कला नव्हेच' असे म्हणून मोकळे होतात, किंवा मोठ्या चित्रकाराचे नाव वाचून स्वतःची नापसंती गिळतात. दोन्ही वेळा पाहणे तेथेच थांबते.

रागाविषयी गोव्याचाच एक दाखला पुरेसा आहे. सांतो इस्तेव्हांव येथे १९०२ मध्ये जन्मलेले आंजेलो दा फोन्सेका यांनी शांतिनिकेतनात शिक्षण घेतले आणि येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची भारतीय स्त्री म्हणून रंगवले. त्या काळच्या गोव्यात अनेकांना हे सहन झाले नाही, आणि त्यांच्या आयुष्याचा मोठा काळ पुण्यात गेला. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आता पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्राकडे आहे. आजच्या प्रेक्षकाला ती चित्रे सौम्य, जवळजवळ घरगुती वाटतात. त्या काळच्या लोकांचा राग मूर्खपणाचा होता असे म्हणून पुढे जाणे सोपे आहे, पण त्यांना चित्रात काय बदलले आहे ते अचूक दिसले होते, हे विसरू नये. म्हणून राग आल्यास 'यात नेमके काय बदललेले मला खपत नाही?' असा प्रश्न वहीत लिहावा.

किळसेचेही तसेच. साळगावात १९२४ मध्ये जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सोझा यांची माणसांची डोकी पाहून अनेकांना अस्वस्थ वाटते: डोळे कपाळावर चढलेले, चेहऱ्यावर बाणांसारख्या रेघा, दात उघडे. तसे वाटावे अशीच ती काढलेली आहेत. येथे 'कुरूप' हा शब्द निकाल म्हणून न लिहिता वर्णन म्हणून लिहिला, आणि कुरूपता कोणत्या रेघेत आहे ते दाखवले, तर नोंद कामाची होते. अशा चित्रांपुढे मान फिरवावीशी वाटली तर फिरवावी. किती वेळाने परत पाहिले तेवढे मात्र टिपावे.

कंटाळा सर्वांत अवघड. अमूर्त चित्रापुढे 'हे तर आमचा मुलगाही काढेल' हे वाक्य दालनात कोणी ना कोणी म्हणतेच. गोव्यात मूळ असलेल्या कुटुंबात नागपूरला १९२४ मध्ये जन्मलेले वासुदेव गायतोंडे यांची चित्रे पाहताना मला या कंटाळ्याचा उपयोग कळला. ते रोलर आणि पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवीत, काढून टाकीत, पुन्हा चढवीत, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रे पूर्ण करीत. दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रहात त्यांची चित्रे आहेत. अशा चित्रात पहिल्या मिनिटाला काहीच घडत नाही. डोळा स्थिरावल्यावर एका रंगाखालून दुसरा वर येऊ लागतो. यासाठी एक साधी रीत आहे. कंटाळा आला की घड्याळ पाहावे आणि आणखी पाच मिनिटे तेथेच थांबावे. पाच मिनिटांनंतरही काही दिसले नाही तर 'पाच मिनिटे थांबले, काही दिसले नाही' असे प्रामाणिकपणे लिहून पुढे जावे. मोठे नाव असले तरी हेच करावे.

७. व्हिडिओ आणि ध्वनी असलेल्या कृती

नामपट्टीवर चित्रफितीची लांबी दिलेली असते. ती आधी पाहावी, मधून शिरलो असल्यास पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावे, आणि एक आवर्तन पूर्ण पाहणे शक्य नसेल तर तेवढी नोंद करून ठेवावी. अंधाऱ्या खोलीत शिरताना उंबऱ्याजवळ क्षणभर उभे राहावे, नाहीतर जमिनीवर बसलेल्यांवर पाय पडतो. हेडफोन ठेवलेले असतील तर ते वापरण्यासाठीच असतात. अनेक जण संकोचाने लावत नाहीत.

८. काय विचारावे, काय विचारू नये

दालनातील कर्मचारी, स्वयंसेवक आणि कधी कधी स्वतः चित्रकार तेथे असतात. 'याचा अर्थ काय?' हा प्रश्न विचारू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तो प्रश्न ऐकताच चित्रकार बहुधा भिंतीवरचे निवेदनच पुन्हा ऐकवतो. त्याऐवजी 'हे कसे केले?', 'हा रंग कशाचा?', 'आधी काय ठरवले होते आणि नंतर काय बदलले?' असे विचारावे. हाताने काम करणारा माणूस कामाविषयी मोकळेपणाने बोलतो. चित्रकार वयाने लहान असला तरी पहिल्या भेटीत 'तुम्ही' म्हणावे. किंमत विचारण्यात गैर काही नाही, पण ती चित्रकाराला न विचारता दालनाच्या व्यवस्थापकाला विचारावी, आणि घ्यायचे नसताना घासाघीस करू नये.

हात लावण्याविषयी: दालनात काहीही स्पर्शासाठी नाही असेच धरून चालावे, आणि स्पर्श अपेक्षित असेल तेथे तशी सूचना असते. सूचना नसेल आणि मोह होत असेल तर विचारावे. बोटांचा घाम आणि तेल कागदावर व काही रंगांवर कायमचे डाग पाडतात, आणि आपल्या दमट हवेत तर बोटे कोरडी नसतातच.

दाराशी अभिप्राय वही असते. 'अतिशय सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा' हे वाक्य तीत पानोपानी आढळते. त्याऐवजी एका कृतीचे नाव घेऊन एकच नेमके निरीक्षण लिहावे. आपले बरेच चित्रकार ती वही खरोखर वाचतात, आणि शुभेच्छांतून त्यांना काही मिळत नाही.

९. घरी आल्यावर

त्याच रात्री, निदान दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत, वहीतील नोंदी सलग लिहून काढाव्यात. प्रदर्शनाचे नाव, दालन व तारीख सर्वांत वर लिहावी. नंतर हे तपशील शोधताना फार त्रास होतो. तिन्ही कृतींवर सारखेच लिहिले पाहिजे असे नाही. एका कृतीवर दोन पाने आणि दुसरीवर दोन ओळी झाल्या तर तसेच राहू द्यावे. जेथे आपले मत आपल्यालाच पटत नाही तेथे ते गुळगुळीत करू नये. चित्रकाराच्या नावाचे लेखन पट्टीवरून उतरवून घेतलेले असावे, कारण गोव्यातील एकेका आडनावाची चार-चार रूपे आहेत.

लेखन समाजमाध्यमांवर टाकायचे असल्यास छायाचित्राविषयी दालनात असतानाच विचारून घ्यावे. पाहण्यासाठी छायाचित्र काढू देणे आणि ते प्रसिद्ध करू देणे या दोन वेगळ्या परवानग्या आहेत, आणि चित्र विकले गेले तरी त्याचा स्वामित्वहक्क सहसा चित्रकाराकडेच राहतो. फ्लॅश वापरू नये. छायाचित्राखाली चित्रकाराचे नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम आणि दालन एवढे द्यावे, आणि पडद्यावर नीट बसावे म्हणून चित्राच्या कडा कापू नयेत.